चाचीसाठी हीटर

कतारमध्ये थंडी पडते असं मी गावी सांगितलं की लोक हसायचे. वाळवंटात कसली आलीय थंडी, म्हणायचे. पुढं पुढं मी वाद घालायचं सोडून दिलं. ज्याला पटवून घ्यायचं नाही त्याच्यापुढं घसा कोरडा करण्यात अर्थ नसतो. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की उघड्या माळावर हाडं कशी वाजतात ते मला ठाऊक आहे. पत्र्याच्या खोलीत तर जास्तच वाजतात.

तिथले लोक मात्र याच थंडीची वर्षभर वाट बघायचे. ती पडली की घरदार घेऊन वाळवंटात तंबू ठोकून राहायला जायचे, आणि ज्यांना झेपेल ते कॅरॅव्हान न्यायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दोह्याच्या सनैयात, म्हणजे गॅरेजं आणि गोदामं जिथं दाटीनं उभी आहेत त्या भागात, एका वर्कशॉपमध्ये एसी मेकॅनिक होतो. मूळचा कराडकडचा. बायको-पोरं गावी, आणि मी एका खोलीत पाच-सहा जणांच्या घोरण्यात. उन्हाळाभर एसी आणि हिवाळ्याच्या तोंडावर कॅरॅव्हान, असा आमच्या वर्कशॉपचा धंदा होता.

चाचांची ओळख एसीच्याच कामामुळं झाली. उम्म सलाल मोहम्मदला एका कतारी माणसाचं शेत होतं. खजुराची झाडं, चाऱ्याचे वाफे, मेंढ्या, पाण्याची टाकी. तिथल्या पंपाच्या खोलीतला एसी बघायला मला पाठवलं होतं. मी छतावर चढून काम करत होतो आणि खाली एक पिकल्या दाढीचा माणूस एका मेंढीला मराठीत शिव्या देत होता. "अगो बये, तुजा काय डोकाबिका फिरला काय?" असं तो तिला विचारत होता. मी वरून म्हणालो, "तिला कसलं डोकं, चाचा?" तो माणूस वर बघतच राहिला. मग त्यानं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. सकाळ-दुपार मालकाच्या पोरांना अल दुहैलच्या बंगल्यावरून शाळेत न्यायचं-आणायचं आणि रात्री शेताची राखण करायची, असं त्यांचं काम होतं. मी शुक्रवारी त्यांच्याकडं जायला लागलो. ते माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी करायचे. मला मासा काट्यासकट खाता येत नाही म्हणून चिडवायचे, घाटी कुठला, म्हणायचे. मी त्यांना म्हणायचो, घाटावर आम्हाला काटे काढलेलं मटण मिळतं. ते मला मिस्त्री म्हणत. वीसेक वर्षं आखातात काढलेला माणूस, दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. एकूण संसार किती झाला याचा हिशेब त्यांच्यापुढं कुणी मांडत नसे. मीही मांडला नाही, कारण मग मला माझाही मांडावा लागला असता.

त्या शेतात चाचा एका अमेरिकन गाडीत राहायचे. बसएवढी गाडी, आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची जागा, सगळं. मालकानं हौसेनं मागवली होती, काही हिवाळे वाळवंटात नेली, मग इंजिन गेलं आणि ती खजुरांच्या कडेला टायर रुतवून उभी राहिली. आत ऊब यावी म्हणून तिच्या कपाटाखाली गॅसवर चालणारी एक भट्टी बसवलेली होती. आम्ही सगळे तिला हीटरच म्हणायचो. ती कित्येक वर्षं पेटलेली नव्हती, आणि चाचांना तिची गरजही पडली नव्हती. एकटा माणूस, दोन ब्लँकेटं घेतली की भागतं.

गरज पडली ती चाची येणार ठरल्यावर. मालक चांगल्या मनाचा होता. एक दिवस आपणहून म्हणाला, तुझ्या बायकोला एकदा बोलाव, व्हिजिट व्हिसावर मी सही देतो, गाडीतच राहा दोघं. चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा ते कांदा चिरत होते, आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर त्यांनी कांद्यावर फोडलं.

"निका झाल्यापासून तिनं इचारलां नाय असा एक साल गेला नाय," ते म्हणाले. "तुमचा गल्फ दिसतो तरी कसा, असां इचारते. आता बगूं दे."

चाचीला दमा होता. गार हवा लागली की छाती भरून यायची. आणि ती गाडी हिवाळ्यात आतून घाम सुटल्यासारखी ओली व्हायची. चाचांनी मनाशी ठरवून टाकलं, हीटर चालू झाल्याशिवाय तिला आणायचं नाही. व्हिसा आला, चाची तयार होती, शेजारणींना सांगूनही झालं होतं. अडलं होतं ते फक्त त्या हीटरवर. म्हणजे माझ्यावर.

चाचांनी आपल्या बाजूची तयारी जोरात केली होती. मी पहिल्यांदा हीटर बघायला गेलो तेव्हा सगळी गाडी बाहेरून पांढरी शुभ्र रंगवलेली. शेताच्या फाटकाचा रंग उरला होता, तो त्यांनी वापरला होता. खिडक्यांच्या कडा, दाराच्या फटी, छताचे सांधे, सगळीकडं रुपेरी टेप चिकटवून वर रंग मारला होता.

"बग," ते म्हणाले, "वाऱ्याला एक भोक ठेवलां नाय."

मी त्यांची पाठ थोपटली. काम खरोखरच नीटनेटकं होतं.

हीटर चालू करून बघितला. पंखा फिरायचा, टकटक ठिणगी पडायची, भप्प असा आवाज यायचा आणि विझायचं. पुन्हा ठिणगी, पुन्हा भप्प, पुन्हा गार. मी म्हणालो, आत वर्षांची धूळ बसली असेल, बाहेर काढून साफ करावा लागेल. पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघांनी तो काढला. मी आत पोटावर झोपलेलो, डोकं कपाटात. गॅसची तोटी बंद केली. दोन पाने लावून नळी सोडवली, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं, नाहीतर तांबं पिळवटतं. वायरी सोडताना प्रत्येक जोडीला एका रंगाचा दोरा बांधला, ही आमच्या उस्तादाची शिकवण. गाडीच्या बाहेरच्या अंगाला त्या हीटरचं एक तोंड असतं. त्यातून तो श्वास घेतो आणि धूर सोडतो. त्यावरचं झाकण बाहेरून स्क्रूनं बसवलेलं असतं. ते काढायला चाचा बाहेर गेले. आम्ही पत्र्याच्या आरपार बोलत होतो.

"निघालं का चाचा?"

"निघालां. आता तू ओढ."

मी ओढलं. सुटकेसएवढा तो डबा माझ्या छातीवर आला, आणि त्यातली अर्धी वाळू माझ्या तोंडात गेली. चाचा बाहेरून हसत होते.

वर्कशॉपमध्ये मी तो पूर्ण उघडला. पंख्याच्या पात्यांत वाळू घट्ट बसली होती, ती काढली. ठिणगीचं टोक घासलं. टेबलावर ठेवून गॅस जोडला आणि हीटर पहिल्या झटक्यात पेटला. निळी, सरळ ज्योत. चाचा मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी दोन्ही तळवे पुढं धरले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मॅनेजर म्हणाला, यल्ला, आता हटा, दुसरी कामं आहेत.

त्याच दिवशी आम्ही सूक वाकिफच्या बाजारात गेलो. चाचांना चाचीसाठी ब्लँकेट घ्यायचं होतं. आखातातून घरी जाणारा प्रत्येक माणूस ते जाडजूड, वाघाच्या नाहीतर गुलाबांच्या चित्रांचं ब्लँकेट नेतो. चाचांनी कोकणात अशी कितीतरी नेली होती. तिथं ती पेटीत पडायची आणि कुणाच्या लग्नात भेट म्हणून जायची, कारण कोकणातल्या घामात ती पांघरणार कोण. मी म्हणालो, "चाचा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तुमचं ब्लँकेट कामाला येणार." ते हसले, आणि वाघाचं नको, तिला भीती वाटेल, म्हणून गुलाबांचं घेतलं.

पुढच्या शुक्रवारी हीटर परत बसवला. वायरी दोऱ्यांप्रमाणं जोडल्या, नळी आवळली, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. चाचांनी बाहेरून झाकण लावलं आणि हात पुसत आत आले. मी बटण दाबलं. पंखा फिरला, ठिणगी पडली, भप्प झालं आणि विझलं.

मला आजही तो आवाज ऐकू येतो. मी पुन्हा पुन्हा दाबलं. बॅटरी तपासली, गॅसचा दाब तपासला, सगळ्या वायरी परत बघितल्या. टेबलावर जो शहाण्यासारखा पेटत होता तो इथं हट्टाला पेटला होता, बाकी कशाला पेटत नव्हता. चाचा नव्या ब्लँकेटवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाचता येईना की अंगण वाकडं होतं, तसं आम्हा मेकॅनिक लोकांचं काही कळेना झालं की बोर्ड जातो. मॅनेजर म्हणाला, सर्किट बोर्ड गेला असेल, गरम झाला की सोडून देत असेल. मलाही पटलं. पटायला सोपं होतं. बोर्ड तिथं मिळत नव्हता, अमेरिकेहून मागवायचा. मागवला. आज येतो, उद्या येतो, इन्शाल्ला येतो, असं चालू झालं.

या दिवसांत चाचा दर शुक्रवारी नमाजानंतर कार्डाच्या फोनवरून घरी बोलायचे, आणि मी शेजारी उभा असायचो. गल्फ लांब आहे म्हणून जोरात बोललं पाहिजे अशी चाचीची समजूत होती. त्यामुळं चाचा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे आणि सगळं मला ऐकू यायचं.

"तुमचा हीटर ऱ्हाऊं द्या," ती म्हणत होती. "मी दोन गोधड्या घेऊन येतंय."

"असां नाय. इथली थंडी तुला माहीत नाय. बोर्ड येऊं दे, मंग ये."

"मिस्त्री हाय काय तिथं? त्याच्याकडं द्या."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला. मी सलाम केला.

"खरां सांग बाबा," चाची म्हणाली. "हीटर नसला तर माणूस मरतो काय तिथं?"

"मरत नाय, चाची. पण तुमाला त्रास व्हईल. बोर्ड आला की झालंच."

"मंग बोर्ड आला की माजा दमा मला सोडणार हाय काय?"

मी हसलो. ती पण हसली, आणि हसताना तिला खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही. चाचांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मला म्हणाले, ऐकलास, म्हणून सांगतो मी. नंतर ते तिला दटावत राहिले, थंडीत बाहेर बसूं नको, मच्छी साफ करायला पाण्यात हात घालूं नको. ती पलीकडून हो-हो म्हणत होती.

चाची कोकणातच गेली. पहाटे दमा उठला, रिक्षानं तालुक्याला नेईपर्यंत वाटेतच संपलं. मालकाच्या बंगल्यावर फोन आला तेव्हा चाचा पोरांना शाळेत सोडून परतत होते. मला कळल्यावर मी काम टाकून उम्म सलालला गेलो. चाचा गाडीच्या पायरीवर बसलेले. घरून विचारत होते, मय्यत थांबवायची का. मालक देशाबाहेर जाण्याचा परवाना लगेच द्यायला तयार होता, पण विमान दुसऱ्या दिवसाआधी नव्हतं. चाचांनी घरच्यांना सांगितलं होतं, माझ्यासाठी थांबवू नका.

"तिला आदीच लय थांबवलां," ते मला म्हणाले. "आता नको."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मेंढ्या ओरडत होत्या, त्यांना चारा कुणी घातला नव्हता. शेवटी मी उठून घातला. दुसऱ्या दिवशी मालकानं स्वतः त्यांना विमानतळावर सोडलं. जाताना त्यांनी गाडीची चावी माझ्याकडं दिली.

बोर्ड आला तो चाचा गेल्यानंतर. आता त्याचं काय करायचं होतं, पण मालक म्हणाला, मागवलाय तर बसवून टाक. एका शुक्रवारी सकाळी मी एकटाच गेलो. गाडीत सगळं जिथल्या तिथं होतं. गुलाबांचं ब्लँकेट प्लास्टिकच्या पिशवीत, अजून न उघडलेलं. मी कपाटाखाली शिरलो, बोर्ड बदलला, बटण दाबलं. पंखा, ठिणगी, भप्प, आणि विझलं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पाना फेकला आणि बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. आत पंखा अजून फिरत होता, हीटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता. सहज मी त्याच्या बाहेरच्या तोंडापुढं हात धरला. हवा लागायला पाहिजे होती. काहीच लागलं नाही. मी वाकून बघितलं. पांढरा, गुळगुळीत रंग. नखानं खरवडला तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली रुपेरी टेप दिसली. श्वास घेण्याचं तोंड आणि धूर सोडायची नळी, दोन्हींवर नीट, काळजीनं, सुरकुती न पडू देता चिकटवलेली टेप.

वाऱ्याला एक भोक ठेवलं नव्हतं त्यांनी. कोकणातल्या माणसानं भट्टी कधी बघितलेली नसते. थंडीत घराला भोक दिसलं तर तो ते बुजवणारच, आणि बायकोला दमा असेल तर आधी बुजवणार. झाकण त्यांच्याच हातानं निघालं आणि त्यांच्याच हातानं टेपसकट परत लागलं. टेबलावर टेप नव्हती म्हणून हीटर पेटला. गाडीत त्याचा गळा आवळलेला होता म्हणून विझला. कोंडलेल्या धुरात तो पेटला नाही ते एका परीनं बरंच झालं, नाहीतर आणखी वाईट घडलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी म्हण आहे. आम्ही तर अमेरिकेला वळसा घातला.

मी टेप ओढून काढली. आत जाऊन बटण दाबलं. हीटर पेटला. थोड्या वेळात गाडी इतकी उबदार झाली की मला स्वेटर काढावा लागला. मी त्या रिकाम्या शेतात मोठ्यानं चाचांना शिव्या दिल्या. अडाणी माणूस, म्हणालो, विचारायचं तरी. मग मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. तिथं मेंढ्यांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

चाचा चाचीचा चाळीसावा दिवस करून परत आले. वाळले होते. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. थंडी संपत आली होती, पण संध्याकाळी वारा सुटायचा. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, आणि मग स्वतःच म्हणाले, बोर्ड आला काय? मी म्हणालो, आला, बसवला.

"लाव बगूं."

मी बटण दाबलं. हीटर पेटला. गरम हवा त्यांच्या पायाला लागली तशी त्यांनी पाय जवळ ओढले.

"काय झाला होता याला?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि उत्तर मी महिनाभर तयार ठेवलं होतं.

"बोर्ड गेला हुता, चाचा. तो यायला वेळ लागला."

"म्हणजे आपल्या हातातला नव्हता."

"नव्हता."

त्यांनी मान हलवली. खरं बोलावं असं मलाही लहानपणी शिकवलं आहे. पण ज्या माणसानं बायकोला वारा लागू नये म्हणून भोक बुजवलं, त्याला तेच भोक दाखवणं हे मला खोट्यापेक्षा मोठं पाप वाटलं. अजूनही वाटतं.

"एवढ्या उबेत तिचा दमा उठला नसता," चाचा म्हणाले. "काय?"

"नसता उठला."

"मंग मी तिला थांब म्हटलां तां बरोबरच होता."

"बरोबरच हुतं, चाचा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पुढं वाकले आणि बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबला.

"खलास," ते म्हणाले. "आता हा काढून ने, मिस्त्री. कुणाच्या तरी कामाला येईल. मला एकट्याला ब्लँकेट पुरतां."

मी अवजारांची पिशवी आणली. चाचा सवयीनं स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर निघाले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, तुमी आत बसा, मी करतो, म्हणालो, आणि बाहेरच्या बाजूला मी गेलो.